कामावरच्या अपघाताची भरपाई चालू असताना दिव्यांग प्रमाणपत्र आणि पेन्शनचे अर्ज कसे करायचे

कामावर अपघात होऊन कायमचं अपंगत्व आलं की बहुतेक घरांत एकच अर्ज होतो, तो ईएसआयसीचा, म्हणजे कर्मचारी राज्य विमा महामंडळाकडचा. तिथून दरमहा पैसे यायला लागले की कुणीतरी सांगतं, "आता दुसरीकडून काही मिळत नाही," आणि विषय तिथेच संपतो. कधी उलटं होतं. ईएसआयसीच्या मेडिकल बोर्डाने ४० टक्के लिहिले म्हणून माणूस तोच कागद घेऊन दिव्यांग पेन्शनसाठी तहसील कार्यालयात जातो आणि हात हलवत परत येतो. दोन्ही ठिकाणी नुकसान कामगाराचं होतं आणि गोंधळाचं मूळ एकच असतं. भरपाई आणि सरकारी दिव्यांग लाभ यांची मोजमापं वेगळी, कार्यालयं वेगळी आणि मुदतीही वेगळ्या आहेत. एक चालू असताना दुसऱ्यासाठी अर्ज करता येतो. कशाचा कशावर परिणाम होतो, एवढं मात्र आधी माहीत हवं.

खाली महाराष्ट्रातल्या खासगी कारखान्यात, वर्कशॉपमध्ये, दुकानात किंवा कंत्राटदाराकडे काम करणाऱ्या माणसाला धरून सांगितलं आहे.

टक्केवारी एक नाही, दोन आहेत

ईएसआयसी किंवा नुकसानभरपाईचा कायदा विचारतो की कमाईची क्षमता किती टक्के गेली. त्यासाठी कायद्याला जोडलेली परिशिष्टं आहेत आणि त्यांत अवयवागणिक आकडे ठरलेले आहेत. अंगठा पूर्ण गेला तर ३० टक्के. तर्जनी पूर्ण गेली तर १४, तिची दोन पेरं गेली तर ११, एक पेर गेलं तर ९. एका हाताची चारही बोटं गेली तर ५०. यादीतल्या दुखापतीला त्यापेक्षा कमी टक्के लावता येत नाहीत. यादीत नसलेल्या दुखापतीला (पाठीचा कणा, खांद्याचा सांधा, नस तुटणं) बोर्ड तपासून टक्के ठरवतं.

दिव्यांग प्रमाणपत्र २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली मिळतं. तिथे शरीराच्या कार्यात कायमची उणीव किती आली ते मोजतात. तुम्ही काय काम करत होता, पगार किती होता, याचा तिथे संबंध येत नाही. बहुतेक योजनांना किमान ४० टक्के लागतात.

एका डोळ्याचं उदाहरण घ्या. दुसरा डोळा चांगला असताना एक डोळा काढावा लागला, तर भरपाईच्या यादीत ४० टक्के आहेत. डोळ्याचा गोळा शाबूत असून फक्त नजर गेली तर ३०. पण दिव्यांग मूल्यांकनाच्या तक्त्यात एक डोळा पूर्ण निकामी आणि दुसरा सामान्य असेल तर दोन्ही बाबतींत ३० टक्केच येतात. म्हणजे ईएसआयसीकडून आयुष्यभर ४० टक्क्यांचा लाभ घेणारा माणूस ४० टक्क्यांच्या सरकारी योजनेत बसत नाही. कानाचंही असंच. मशीनच्या आवाजाने आलेल्या बहिरेपणाला भरपाई मिळू शकते, पण दिव्यांग कायद्यात दोन्ही कानांत किमान ६० डेसिबलची श्रवणहानी असावी लागते. सिलिकोसिसला तर भरपाई आहे, पण कायद्यातल्या २१ दिव्यांगत्वांमध्ये फुफ्फुसाचा आजारच नाही. अशा माणसाला प्रमाणपत्राच्या रांगेत उभं करण्यात अर्थ नाही. त्याने सगळा जोर भरपाईवर आणि पीएफच्या पेन्शनवर लावावा. काही अवयवच्छेदांत मात्र प्रमाणपत्रावरची टक्केवारी भरपाईच्या टक्केवारीपेक्षा जास्त येते. म्हणून एका आकड्यावरून दुसऱ्याचा अंदाज बांधून घरी बसू नका.

पहिल्या दिवसाचा केसपेपर

पुढच्या सगळ्या अर्जांचा पाया अपघाताच्या दिवशीच पडतो, आणि बहुतेक वेळा तो तिथेच कच्चा राहतो. दवाखान्यात नेणारा सुपरवायझर डॉक्टरांना सांगतो, "घरी पडला," किंवा "गाडीवरून घसरला." जखमी माणूस वेदनेत असतो, केसपेपरवर तेच लिहिलं जातं. सहा महिन्यांनी बोर्डापुढे तोच कागद येतो आणि अपघात कामावरचा होता हे सिद्ध करण्याची पाळी कामगारावर येते. घरच्यांपैकी कुणीतरी त्याच दिवशी केसपेपर वाचावा. कंपनीचं नाव, मशीनचं नाव, वेळ आणि दुखापत कशी झाली या चार गोष्टी त्यात हव्यात. "उजव्या हाताच्या तर्जनीला इजा" एवढं पुरत नाही. "पॉवर प्रेसवर काम करताना उजव्या हाताची तर्जनी चिरडली" असं हवं. चुकीचं लिहिलं असेल तर लगेच डॉक्टरांना सांगून दुरुस्ती मागा, आणि ती होत नसेल तर त्याच दिवशी लेखी अर्ज देऊन पोच घ्या.

मालकाने अपघाताची नोंद अपघात नोंदवहीत करायची असते आणि अपघात अहवाल (फॉर्म १२) ईएसआयसीला २४ तासांच्या आत पाठवायचा असतो. आता हा अहवाल पोर्टलवरून भरतात. त्याची प्रत मागून घ्या. मालक टाळत असेल तर स्वतः शाखा कार्यालयाला लेखी कळवा. साध्या कागदावर तारीख, वेळ, जागा, मशीन आणि साक्षीदारांची नावं लिहिली तरी चालतं. पोचेचा शिक्का मात्र सोडू नका.

कंत्राटी कामगारांच्या बाबतीत आणखी एक खेळ होतो: अपघात झाल्यावर घाईघाईने विमा क्रमांक काढला जातो. कामाला लागल्याची तारीख अपघाताच्या दुसऱ्या दिवशीची दाखवली तर दावा अडतो. ईएसआयसीखाली कामावरच्या दुखापतीसाठी वर्गणीची किमान अट नाही, कामाच्या पहिल्या दिवसापासून संरक्षण असतं. मालकाने नोंदणी केलीच नसेल तरी कामगाराचा हक्क बुडत नाही. महामंडळ लाभ देतं आणि मालकाकडून वसूल करतं. पण तुम्ही आधीपासून कामावर होता हे दाखवावं लागतं. गेटपास, हजेरीकार्डाचा फोटो, बँकेत जमा झालेला पगार, सुपरवायझरचे व्हॉट्सॲप मेसेज, यांतलं काहीही फेकू नका.

घरून कामावर जाताना किंवा परत येताना झालेला अपघातही, वेळ आणि रस्ता कामाशी जुळत असेल तर, २०१० पासून ईएसआयसीत धरला जातो. त्यासाठी पोलिसांचा पंचनामा आणि त्या दिवशीची शिफ्ट दाखवणारा कागद जपून ठेवा.

उपचारांच्या काळातले पैसे

काम करता येत नाही तोपर्यंत तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ मिळतो. सरासरी रोजच्या वेतनाच्या ९० टक्के, जितके दिवस डॉक्टर विश्रांती लिहितील तितके दिवस. अपघाताचा दिवस सोडून किमान तीन दिवस काम बंद असावं लागतं. या काळात मालक कामावरून काढू शकत नाही.

दोन गोष्टी इथे बिघडतात. मालक म्हणतो, "तू काळजी करू नको, मी रजा टाकून पगार देतो." ज्या दिवसाचं वेतन मिळालं त्या दिवसाचा ईएसआयसी लाभ मिळत नाही, आणि पुढे सगळा काळच कागदावर "रजा" दिसतो. दुसरी चूक ओव्हरटाइमची. रोजचा दर वर्गणीच्या काळातल्या वेतनावरून निघतो आणि नोव्हेंबर २०२५ पर्यंतच्या कायद्यात ओव्हरटाइमवरही वर्गणी लागत होती. त्या काळातला ओव्हरटाइम रोखीने दिला आणि दाखवला नाही, तर तुमचा दर आयुष्यभरासाठी कमी धरला जातो. ईएसआयसीच्या पोर्टलवर आपल्या वर्गणीचा तपशील काढून पगाराच्या पावत्यांशी ताडून पाहा.

मेडिकल बोर्ड

डॉक्टरांनी फायनल सर्टिफिकेट दिलं, म्हणजे "आता कामावर जा" असं लिहिलं, की तात्पुरता लाभ थांबतो. तिथून १२ महिन्यांच्या आत मेडिकल बोर्डाकडे पाठवण्यासाठी शाखा कार्यालयात अर्ज करा. "बघू नंतर" म्हणून ही मुदत घालवणारे खूप असतात. विशेषतः ज्यांना मालकाने हलकं काम देऊन परत घेतलं, ते. कामावर परत गेलात, पगार पूर्वीइतकाच मिळतो, तरी कायमच्या अपंगत्वाचा लाभ मिळतो. तो पगाराच्या बदल्यात नसतो.

बोर्डापुढे जाताना एक्सरे आणि सीटीच्या फिल्म (नुसता रिपोर्ट नव्हे), डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनच्या नोंदी, फायनल सर्टिफिकेट आणि अपघात अहवालाची प्रत घ्या. तपासणी काही मिनिटांत उरकते, म्हणून काय सांगायचं ते आधीच कागदावर लिहून ठेवा. कोणत्या मशीनवर होता, कोणत्या हाताने काम करता, काय धरता येत नाही, कुठे बधिर आहे. बोट कापलं गेलेलं नाही पण कायमचं ताठ झालं आहे आणि त्याचा काहीच उपयोग होत नाही, तर कायदा ते बोट गेल्यासारखंच धरतो. ही तळटीप बऱ्याच जणांना माहीत नसते, म्हणून ती नम्रपणे पण स्पष्टपणे मांडा. शेजारच्या बोटांचे सांधे आखडले असतील तर तेही दाखवा. बोर्ड फक्त पट्टी असलेल्या बोटाकडे बघून मोकळं होऊ शकतं.

टक्केवारी कमी वाटली तर निर्णय हातात पडल्यापासून तीन महिन्यांत वैद्यकीय अपील न्यायाधिकरणाकडे किंवा कर्मचारी विमा न्यायालयात अपील करता येतं. निर्णय तात्पुरता आहे की अंतिम हे त्याच कागदावर बघा. तात्पुरता असेल तर पुन्हा तपासणीला बोलावतात, आणि तिथे गैरहजर राहिलं की पैसे थांबतात.

आता हिशोब. रोजचं सरासरी वेतन ६०० रुपये आहे असं धरू. पूर्ण दर त्याच्या ९० टक्के, म्हणजे ५४०. अंगठा गेला, ३० टक्के ठरले, तर रोजचे १६२ रुपये. तीस दिवसांच्या महिन्याला ४,८६० आणि वर्षाला ५९,१३० रुपये. वेतन ४०० असेल तर रोजचे १०८, महिन्याला ३,२४० आणि वर्षाला ३९,४२०. हे दोन वार्षिक आकडे लक्षात ठेवा, तहसीलच्या अर्जाला ते लागणार आहेत.

दर अगदी छोटा असेल, रोजचा दहा रुपयांपर्यंत आणि एकरकमी किंमत ६०,००० रुपयांपर्यंत, तरच सगळी रक्कम एकदम घेता येते. त्याहून मोठा लाभ आयुष्यभर दरमहाच मिळतो.

ईएसआयसी लागू नसेल तर

पगार २१,००० च्या वर असेल किंवा ते ठिकाण ईएसआयसीच्या कक्षेतच येत नसेल, तर मालकाकडून एकरकमी नुकसानभरपाई मिळते. पूर्वी हे १९२३ च्या कायद्याखाली होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे आणि भरपाईचा ढाचा तिच्यात आला आहे. त्याआधीच्या अपघाताला जुना कायदा लागतो. जुन्या कायद्याचं गणित असं: मासिक वेतनाच्या ६० टक्के, गुणिले वयानुसारचा गुणक, गुणिले टक्केवारी. ३ जानेवारी २०२० पासून वेतन कितीही असलं तरी १५,००० पर्यंतच धरतात. ३५ वर्षांच्या माणसाचा गुणक १९७.०६ आहे. त्याचा अंगठा गेला तर ९,००० × १९७.०६ × ३० टक्के, म्हणजे ५,३२,०६२ रुपये. मालक पन्नास हजारांचं पाकीट पुढे करून सही मागतो तेव्हा हा आकडा डोळ्यांसमोर असू द्या. कायद्याखालचा हक्क सोडून देणारा करार रद्दबातल असतो. जुन्या कायद्यात दाव्याला दोन वर्षांची मुदत आहे, आणि महिन्याभरात भरपाई न दिल्यास १२ टक्के व्याज आणि ५० टक्क्यांपर्यंत दंड लागू शकतो. कंत्राटदार पळून गेला तर मुख्य मालक जबाबदार असतो.

ईएसआयसी लागू असेल तर मात्र त्याच दुखापतीसाठी मालकाकडून नुकसानभरपाईच्या कायद्याखाली वेगळी रक्कम मागता येत नाही. एकत्र घेता येत नाही ते हेच. रस्ता अपघातातही नुकसानभरपाईचा कायदा आणि मोटार वाहन कायदा यांतला एकच मार्ग निवडावा लागतो. निवडण्यापूर्वी वकिलाकडून दोन्हींचे आकडे काढून घ्या. धडकणारी गाडी दुसऱ्याची असेल तर मोटार अपघात न्यायाधिकरणात रक्कम बरीच वेगळी निघू शकते.

दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी (दिव्यांगांचं ओळखपत्र)

यासाठी ईएसआयसीच्या निर्णयाची वाट बघायची गरज नाही. वाट बघायची ती शरीराची. जखम भरून, ऑपरेशनं संपून अवस्था स्थिर झाली की अर्ज करा. लवकर गेलात तर "उपचार संपल्यावर या" म्हणतात किंवा ठरावीक मुदतीचं प्रमाणपत्र देतात, आणि अशा प्रमाणपत्राची मुदत संपली की त्यावरचं पेन्शन अडकतं.

अर्ज स्वावलंबन पोर्टलवर भरायचा. फोटो, सही किंवा अंगठ्याचा ठसा, आधार आणि पत्त्याचा पुरावा लागतो. उजवा अंगठा गेला असेल तर डाव्याचा ठसा चालतो. आधारमध्ये बोटांचे ठसे जुळेनासे झाले असतील तर आधी आधार केंद्रात बायोमेट्रिक अद्ययावत करून घ्या, नाहीतर बँकेतही अडचण येत राहील. नावाचं स्पेलिंग आधार, ईएसआयसी, पीएफ आणि बँक या चारही ठिकाणी एकच असू द्या. एका अक्षराच्या फरकाने महिनोन्‌महिने जातात.

अर्जात आपल्या जिल्ह्याचं रुग्णालय निवडा. जिल्हा रुग्णालयांत दिव्यांग तपासणीचे वार ठरलेले असतात, मुंबईत जे. जे., पुण्यात ससून अशा मोठ्या रुग्णालयांतही तपासणी होते. वार आधी विचारून जा. इथेही फिल्म आणि डिस्चार्ज कार्ड लागतं. ईएसआयसी बोर्डाचा निर्णय सोबत ठेवा, पण तो दिव्यांग प्रमाणपत्राच्या जागी चालत नाही. एकापेक्षा जास्त इजा असतील, म्हणजे हात आणि डोळा, किंवा पाय आणि कान, तर सगळ्यांची तपासणी एकाच अर्जात करून घ्या. वेगवेगळ्या इजांची एकत्रित टक्केवारी सूत्राने काढतात. ती सरळ बेरजेपेक्षा कमी असते, तरी एकेकट्या आकड्यापेक्षा जास्त येते आणि ४० चा उंबरठा त्यामुळे गाठला जाऊ शकतो.

४० टक्क्यांखाली पांढरं कार्ड मिळतं, ४० पासून ८० च्या आत पिवळं, ८० आणि त्यावर निळं. प्रमाणपत्र मान्य नसेल तर अपिलाची सोय आहे. अपील करताना नवीन तपासणीचा कागद जोडा, नुसतं "टक्के कमी दिले" असं लिहून काही होत नाही.

तहसीलमधला अर्ज आणि उत्पन्नाचा प्रश्न

संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांगांना दरमहा २,५०० रुपये मिळतात. ऑक्टोबर २०२५ च्या आधी ही रक्कम १,५०० होती. वय १८ ते ६५, किमान ४० टक्के दिव्यांगत्व, महाराष्ट्रात १५ वर्षं वास्तव्य आणि दिव्यांगांच्या बाबतीत कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५०,००० रुपयांपर्यंत, या अटी.

भरपाईचा खरा परिणाम इथे होतो. वर ६०० रुपये वेतनाचं उदाहरण घेतलं, त्या माणसाचा ईएसआयसी लाभच वर्षाला ५९,१३० होतो. घरात दुसरी कमाई शून्य असली तरी तो मर्यादेबाहेर गेला. ४०० रुपये वेतनाचा माणूस ३९,४२० वर थांबतो, पण बायको महिन्याला हजार रुपयांची घरकामं करत असेल तर तोही बाहेर. म्हणून उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सेतूत जाण्यापूर्वी घरी बसून बेरीज करा. एकरकमी भरपाई मिळाली असेल तर तिच्यावरचं बँकेचं व्याज उत्पन्नात धरा.

काही दलाल सुचवतात की ईएसआयसीचं सांगूच नका. हे करू नका. लाभ बँकेत जमा होतो, खातं आधारला जोडलेलं असतं आणि संजय गांधीचे पैसेही त्याच आधारवर येतात. उघड झालं की अनुदान बंद होतं आणि आधी घेतलेली रक्कम वसुलीला लागते. तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी) स्वयंघोषणा देताना लाभ किती आणि कधीपासून, ते लिहा. त्याबरोबर हेही लिहा की पूर्वीचं वेतन बंद झालं आहे. बऱ्याचदा दाखल्यात अपघाताआधीचा पगारच धरला जातो आणि पात्र माणूस अपात्र ठरतो. कामावरून कमी केल्याचं पत्र किंवा पगार थांबल्याचं पासबुकाचं पान जोडलं की हा आक्षेप निघतो.

अर्ज तहसील कार्यालयात, सेतूत किंवा आपले सरकार पोर्टलवरून करता येतो. वयाचा पुरावा, रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला, यूडीआयडी, रेशनकार्ड आणि आधारशी जोडलेल्या खात्याचं पासबुक लागतं. मंजुरी समितीच्या बैठकीत होते, त्यामुळे अर्जाचा क्रमांक जपून ठेवा आणि पुढची बैठक कधी ते विचारत राहा. ८० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व आणि दारिद्र्यरेषेखालचं कुटुंब असेल तर इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजनाही बघा.

उत्पन्नामुळे बाहेर पडलात तरी यूडीआयडी वाया जात नाही. एसटीच्या भाड्यात ७५ टक्के सवलतीला उत्पन्नाची अट नाही. ग्रामपंचायत, नगरपालिका आणि महापालिका आपल्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायला बांधील आहेत. त्या निधीतून काय मिळतं ते ग्रामसेवकाला लेखी विचारा. आणि पुन्हा नोकरीला लागलात तर दिव्यांग कामगारासाठी ईएसआयसीची पगारमर्यादा २१,००० ऐवजी २५,००० असते.

पीएफ ऑफिसमधलं पेन्शन

सगळ्यांत जास्त हाच हक्क सुटतो. पीएफ कापला जात असेल तर १९९५ च्या पेन्शन योजनेत कायमच्या पूर्ण अपंगत्वाचं पेन्शन आहे. त्यासाठी दहा वर्षांच्या नोकरीची अट नाही, एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी पुरे. इथे "पूर्ण" म्हणजे अपघाताच्या वेळी तुम्ही जी कामं करू शकत होता, ती आता कायमची करता येत नाहीत. अपघात कामावरच झालेला हवा असंही नाही. किमान पेन्शन १,००० रुपये आहे. ईएसआयसीचा लाभ चालू असतानाही अर्ज करता येतो.

अर्ज फॉर्म १०-डी वर करायचा, त्यानंतर पीएफ कार्यालय ठरवेल त्या मेडिकल बोर्डापुढे जावं लागतं. म्हणजे हे तिसरं बोर्ड. ईएसआयसीचा निर्णय आणि यूडीआयडी दोन्ही सोबत न्या, मत बनवायला त्यांचा उपयोग होतो.

दोन चुका टाळा. पहिली: पैशांची नड आहे म्हणून फॉर्म १०-सी भरून पेन्शनची रक्कम काढून घेणं. ती एकदा काढली की पेन्शनचा हक्क संपतो. पीएफची शिल्लक काढायची असेल तर ती काढा, पेन्शनच्या खात्याला हात लावू नका. दुसरी: नोकरी सोडल्याचं कारण. मालक पोर्टलवर सवयीने साधी "सेवा समाप्ती" निवडतो. यादीत कायमच्या अपंगत्वाचा वेगळा पर्याय आहे, तोच निवडायला लेखी सांगा. कारण चुकीचं पडलं की अपंगत्व नोकरीत असताना आलं हे सिद्ध करत बसावं लागतं.

लहान पण सुटू नयेत असे अर्ज

बँकेच्या पासबुकात वर्षाला २० रुपये कापलेले दिसतात का बघा. ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. एक डोळा, एक हात किंवा एक पाय कायमचा निकामी झाला तर १ लाख आणि दोन्ही गेले तर २ लाख मिळतात. एखाददुसऱ्या बोटाला काही मिळत नाही. बँकेला अपघातानंतर ३० दिवसांत कळवायचं असतं. बांधकाम कामगार असाल आणि मंडळाकडे नोंदणी चालू असेल, तर ७५ टक्के किंवा जास्त अपंगत्वाला मंडळाकडून २ लाख आहेत. भरपाई मिळाली म्हणून या दोन्ही रकमा कापल्या जात नाहीत.

अपंगत्वामुळे नोकरी सुटली तर ईएसआयसीचा दवाखाना लगेच बंद होत नाही. वर्षाला १२० रुपये आगाऊ भरून कामगार आणि त्याचा जोडीदार, दोघांनाही कामगाराच्या निवृत्तीच्या वयापर्यंत उपचार मिळतात. कृत्रिम हात-पायही ईएसआयसी देते. हा अर्ज शाखा कार्यालयातच असतो, पण काउंटरवर आपणहून कुणी सांगत नाही, विचारावं लागतं.

लाभ सुरू झाल्यावर हयातीच्या दाखल्यांची एक यादी घराच्या भिंतीवर लावा, कारण ईएसआयसी, तहसील आणि पीएफ यांचे दाखले स्वतंत्र आहेत आणि एकीकडे दिलेला दुसरीकडे पोचत नाही. खातं बदललं, मोबाईल नंबर बदलला किंवा गावी राहायला गेलात तर तिन्ही ठिकाणी कळवा. ईएसआयसीचा लाभ गावाजवळच्या शाखा कार्यालयाकडे वर्ग करून घेता येतो. ईएसआयसी महागाईनुसार जुन्या लाभांचा दर अधूनमधून वाढवते. वाढ जमा झाली की त्या वर्षीच्या उत्पन्नाच्या दाखल्यात नवीन आकडा लिहा, आणि ५०,००० ची मर्यादा ओलांडली जात असेल तर तहसीलला स्वतःहून लेखी कळवून त्याची पोच फाइलला लावा.